दोन डबे

फेब्रुवारी २०२१. अमरावती-अकोल्यात कोरोना पुन्हा उसळला, बाजाराची शटरं परत खाली आली. जठारपेठेतून स्कूटी काढताना रस्त्यावर मी आणि कुत्री, एवढेच. प्रयोगशाळेत पोचले तर टेबलावर थर्माकोलचा डबा वाट बघत होता. पॉझिटिव्ह आलेले काही नमुने जनुकक्रम तपासायला पुण्याला जायचे होते.

डबा भरणं हे स्वयंपाकासारखंच क्रमाने करायचं काम. आधी नळीचं झाकण घट्ट, त्यावर पॅराफिल्मची पट्टी ताणून दोन वेढे. नळी शोषक कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, पिशवी जाड प्लास्टिकच्या बरणीत. बरणी थर्माकोलच्या डब्यात, भोवती गोठवलेले जेल पॅक. फॉर्म बरणीबाहेर, स्वतंत्र पिशवीत. नळी फुटलीच तर कागद तरी वाचावा.

कामाच्या पहिल्याच महिन्यात मी नळीवर नंबर साध्या पेनाने टाकला होता. पॅक करण्याआधी नळी स्पिरिटने पुसली आणि आकडा बोळ्यावर आला. ज्याच्या नाकात काडी घातली होती, त्याला पुन्हा बोलवावं लागलं. तो काही बोलला नाही, नुसता मान मागे करून बसला. तेव्हापासून खिशात न पुसणारा मार्कर असतो.

आमची प्रयोगशाळा सुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची. कॅबिनेटमध्ये, वाऱ्याच्या पडद्याआड, नमुन्याच्या थोड्या भागात रसायन घालायचं; बाकीचा नमुना जिवंतच राहतो. रसायनातला विषाणू तिथेच मरतो, उरतो त्याचा आरएनए, आणि आरटी-पीसीआर त्याच्यावर होते. जिवंत विषाणू वाढवायचा तर तिसरी पातळी लागते. तिथे खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. हवा आत शिरते, बाहेर पडते ती फक्त हेपा गाळणीतून, आणि लागोपाठची दोन दारं एकाच वेळी उघडत नाहीत. चौथ्या पातळीला माणूसच नळीने हवा भरलेल्या सूटमध्ये, आणि बाहेर येताना आधी सूटसकट रसायनांचा शॉवर. निपाह, क्रिमियन काँगो ताप यांच्यासाठी ही व्यवस्था. भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय विषाणू संस्थेची, २०१२ पासूनची. संस्था मात्र १९५२ची.

ही दारं, हवा ओढणारे पंखे रात्रंदिवस चालू ठेवायचे म्हणजे वीज, जनरेटर, गाळण्यांची वारंवार तपासणी, आणि हे सगळं कळणारी माणसं. जिल्ह्याजिल्ह्याला मेडिकल कॉलेज मागतात तशी ही वरच्या पातळीची प्रयोगशाळा मागू नये, असं माझं मत. लग्नकार्याच्या मोठ्या भांड्यांसारखी ती चार घरांत मिळून एकच असावी. पण मग डबा, बर्फ आणि गाडी हाही प्रयोगशाळेचाच भाग धरावा लागतो, आणि त्याचा विचार कुणी फारसा करत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ पार जातो. जेल पॅक टेबलावरच घामेजतात.

सामायिक असण्याचा फायदाही तेवढाच मोठा. पुण्यात वेगळा केलेला कोरोनाचा विषाणू भारत बायोटेकला दिला गेला, त्यातून कोव्हॅक्सिन झाली. तिच्या चाचणीला २० लालतोंडी माकडं हवी होती. टाळेबंदीत माणसांकडून खाणं मिळेना म्हणून ती रानात पांगलेली. शोधत शोधत ती सापडली नागपूरकडे. म्हणजे लशीच्या आधी विदर्भातून माकडंच पुण्याला गेली! पुढे २०२२ मध्ये तिसऱ्या पातळीची प्रयोगशाळा बसमध्ये बसवून तिचं नाशिकला उद्घाटन झालं. २०२३ मध्ये कोझिकोडला निपाह आला तेव्हा ती बस तिथे गेली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, माणसांचे आणि जनावरांचे रोग एकत्र अभ्यासायला. गुराढोरांसोबत जगणाऱ्या वऱ्हाडाला ती जवळची वाटावी.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी डबा तयार झाला तेव्हा चार वाजले होते. ड्रायव्हर दाराशीच उभा.

"मॅडम, याच्यात जितं हाय का जी?"

"आहे. म्हणून तर एवढं बांधलंय. उघडू नका, आपटू नका, रात्री कुठे थांबलात तर गाडी सोडून जाऊ नका."

त्याने डबा मागच्या बाजूला कोपऱ्यात टेकवला, हलवून पाहिला, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून आवळून बांधला. तिथेच ठेवलेला जेवणाचा डबा मात्र उचलून पुढे नेला.

"भाकर माह्यापाशीच बरी जी," म्हणाला.