एका नजरेत इफ्तार

इफ्तारला दहा मिनिटं उरली की आमच्या घरात एकही हात रिकामा नसतो. कुणी फळं चिरतंय, कुणी भजी तळतंय. अशा वेळी ‘किती वाजले?’ म्हणून मोबाइल उचलला की वेळ बाजूला राहते आणि माणूस मेसेजमध्ये हरवतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी यंदा तळहाताएवढी एक पाटी बनवली. आत वायफाय असलेली ईएसपी३२ चिप आणि बाहेर ई-पेपरचा पडदा. हा पडदा वीज गेली तरी त्यावरचा मजकूर पुसत नाही.

पहिल्या पाटीवर मुलांनी सगळंच भरलं होतं. पाचही नमाजांच्या वेळा, हिजरी तारीख, तापमान, पावसाचा अंदाज. अम्मीनं चष्मा नसताना पाहिलं आणि विचारलं, “यात इफ्तार कुठंय?” मुलं हिरमुसली, पण मुद्दा त्यांना पटला. आता पाटीवर एकच मोठा आकडा असतो: पुढच्या वेळेचा. शेवटची दहा मिनिटं राहिली की शेजारचा छोटा दिवा पिवळा होतो. पहाटेच्या अंधारात, सहरीच्या वेळी, तोच उपयोगी पडतो.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. पाटी इंटरनेटवरून मुंबईच्या वेळा उचलत होती. महाबळेश्वर मुंबईच्या सुमारे पाऊण अंश पूर्वेला आहे आणि एक अंश फिरायला पृथ्वीला ४ मिनिटं लागतात. म्हणजे आपल्याकडे सूर्य साधारण ३ मिनिटं आधी मावळतो. संध्याकाळी ३ मिनिटं उशीर झाला तर फक्त थोडी जास्त वाट पाहावी लागते. पण सहरीला ३ मिनिटं जास्त खाल्लं तर रोजाच धोक्यात येतो.

त्यात आपली उंची जवळजवळ १,३७० मीटर. बॉम्बे पॉइंटवर उभं राहिलं तर खाली कोकणाकडे क्षितिज झुकलेलं असतं आणि गणितानं मावळलेला सूर्य आणखी चारेक मिनिटं दिसत राहतो. दुबईत बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी २-३ मिनिटं थांबून रोजा सोडावा, असं २०११ साली तिथल्या धर्मपंडितांनी सांगितलं होतं. असा निर्णय यंत्रानं परस्पर घेऊ नये. म्हणून आमची पाटी मशिदीच्या छापील वेळापत्रकाप्रमाणेच चालते.

हे काम जुनंच आहे. मशिदीत वेळ सांभाळणाऱ्याला ‘मुवक्कित’ म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर यांनी १३७१च्या सुमारास तिथल्या मिनारासाठी सूर्यघड्याळ घडवलं.

डोंगरावर नेट जातं. म्हणून वर्षभराच्या वेळा पाटीच्या पोटातच साठवल्या आहेत. इंटरनेट लागतं ते घड्याळ बिनचूक ठेवायला. बरेच दिवस नेट मिळालं नाही तर कोपऱ्यात ‘घड्याळ तपासा’ असं उमटतं. चुकीची वेळ ठामपणे दाखवणाऱ्या पाटीपेक्षा आपली शंका कबूल करणारी पाटी बरी.

एका संध्याकाळी मात्र तिला इंटरनेटवाचून चालत नाही: एकोणतिसाव्या रोजाच्या. सूर्याचं गणित आधी मांडता येतं. ईदचा चांद दिसावा लागतो आणि हिलाल कमिटीची घोषणा यावी लागते. तोवर पाटीवर आकडा नसेल, दोनच शब्द असतील: ‘वाट पाहा’. शेजारच्या काकू दरवर्षी त्या रात्री दारातून विचारतात, “काय, उद्या ईद का?” शीरखुर्म्याला किती दूध घ्यायचं ते अम्मीलाही तेव्हाच कळतं. यंदा दोघी पाटीकडे बघतील आणि तीही त्यांच्यासारखीच वाट पाहत असेल.