दुसऱ्याच्या मनातले कसे कळते?

समजा, तुम्ही सावनेरला राहता. शाळेत जाताना तुम्ही एक संत्रे फडताळात ठेवले. तुमच्या मागे आजीने ते उचलून टोपलीत ठेवले. घरी आल्यावर तुम्ही संत्रे कोठे शोधाल? अर्थात फडताळात! आता हाच प्रश्न आजीजवळ बसलेल्या तुमच्या तीन वर्षांच्या भावाला विचारला, तर तो बहुधा ‘टोपलीत’ असे सांगेल. आपल्याला ठाऊक ते सर्वांना ठाऊक, असे त्याला वाटते. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे मुलांना साधारणपणे चार-पाच वर्षांची झाल्यावर उमगते.

याच सावनेरला १९१९ साली नाटककार राम गणेश गडकरी यांचे निधन झाले. त्यांच्या ‘भावबंधन’ नाटकात घनश्यामचे कपट प्रेक्षकांना ठाऊक असते, पण नाटकातल्या भोळ्या माणसांना नसते. म्हणून तर प्रेक्षकांचा जीव वरखाली होतो! कोणाला काय ठाऊक आहे, याचा हिशेब आपले मन नकळत ठेवीत असते.

बाहुल्यांचा प्रयोग

काही मुलांचा मेंदू लहानपणापासूनच निराळ्या रीतीने घडत जातो. ती वेगळ्या पद्धतीने बोलतात, काही बोलतही नाहीत. रोजचा क्रम मोडला की ती अस्वस्थ होतात. या अवस्थेला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. अशा ११ मुलांचे वर्णन डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत १९४३ साली प्रसिद्ध केले.

पुढे १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या लंडनच्या मानसशास्त्रज्ञांनी अशा मुलांना दोन बाहुल्यांचा खेळ दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते. अ‍ॅन ती काढून पेटीत लपवते. परत आलेली सॅली गोटी कोठे शोधील? २७ सर्वसाधारण मुलांपैकी २३ जणांनी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ जणांनी बरोबर उत्तर दिले. स्वमग्न २० मुलांपैकी मात्र फक्त ४ जणांनी! गोटी आधी कोठे होती आणि आता कोठे आहे, हे सर्वांनी अचूक सांगितले होते. म्हणजे स्मरणशक्ती कमी पडली नव्हती. सॅलीच्या मनातली समजूत ओळखणे तेवढे अवघड गेले होते.

मग त्यांना भावना नसतात का?

असा अर्थ काढणे साफ चूक आहे. दुसऱ्याला काय वाटते हे चटकन न ओळखणे वेगळे आणि त्याच्याविषयी काहीच न वाटणे वेगळे. आई रडते आहे, पण का, हे न उमगलेल्या मुलालाही आईची काळजी असतेच. शिवाय त्या ४ मुलांना विसरू नका. पुढे अनेक स्वमग्न मुले व मोठी माणसे ही कसोटी उतरली.

डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ साली एक मार्मिक मुद्दा मांडला : स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही म्हणता, पण इतरांना तरी त्याचे मन कोठे कळते? अडचण दोन्ही बाजूंची आहे!

कानगोष्टींचा खेळ तुम्ही खेळला असालच. २०२० साली शास्त्रज्ञांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. स्वमग्न माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत ती जास्त गळाली. २०२५ सालच्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीही मागे पडली नाही. मात्र स्वमग्न माणसे गोष्ट तितकीच नीट पोहोचवतात, हे पुन्हा दिसले.

तुमच्या वर्गात असा मित्र असेल, तर त्याला ‘हट्टी’, ‘शिष्ट’ म्हणू नका. त्याने डोळ्याला डोळा भिडवावा असा आग्रह धरू नका. आडून बोलण्यापेक्षा ‘मला वाईट वाटले’ असे सरळ सांगा. आणि त्याला काय वाटते तेही विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. दुसऱ्याचे मन ओळखण्याची परीक्षा त्याची एकट्याची नाही, तुमचीही आहे.