बोरिवली ते कान्हेरी, सायकलवर

मुंबईत जंगलातून सायकल चालवायची तर माझं पहिलं उत्तर एकच: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरी लेणी साधारण सहा-सात किलोमीटर. आत सायकली भाड्याने मिळतात, पण निघण्याआधी ब्रेक दाबून बघाच. परतीचा उतार गंमत करत नाही. शेवटचा चढ दमवतो. उतरून ढकलली तरी कोणी हसत नाही, सगळेच ढकलत असतात!

वर शंभराहून जास्त लेणी आहेत. बहुतेक जण ३ क्रमांकाचं चैत्यगृह आणि तिथल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती बघून फिरतात. तुम्ही ९० क्रमांकापर्यंत जा. तिथे इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरलीत. हजार वर्षांपूर्वीचे पर्यटक! लेण्यालेण्यांतून खोदलेली पाण्याची टाकी आणि पन्हळीही बघा, भिक्षूंचं पावसाळी नियोजन कळतं.

कारवी इथे आठ वर्षांतून एकदाच फुलते. मागचा बहर २०२४चा. खाऊची पिशवी हँडलला लटकवू नका, माकडं टपलेली असतात. सोमवारी उद्यान बंद.