ऑनलाइन क्लास: रेंज गेली की नेमकं काय होतं?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आज कॉलेजच्या ऑनलाइन क्लासविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, तो विषय कोरोनाबरोबर संपला की! तर नाही संपला. पावसाळ्यात घाटरस्ता बंद पडला की क्लास फोनवर येतो. स्वयमचा कोर्स घेतला तरी फोनवरच. म्हणून तो आतून कसा चालतो, हे एकदा नीट समजून घेऊ.

शहाद्याला लागून लोणखेडा आहे. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या कॉलेजांमुळे नंदुरबार जिल्ह्यातली पुष्कळ मुलं इथे शिकायला येतात. काही जवळच्या गावांतून, काही थेट सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून. समजा, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी बी.एस्सी.ला आहे. सुट्टीत घरी गेली आणि क्लास ऑनलाइन लागला. घरात एकच स्मार्टफोन, आणि रेंज फक्त टेकडीवर. हिच्याच बाजूने सगळं बघू.

लाइव्ह क्लास आणि रेकॉर्डिंग

आपण दोन्हीला ‘ऑनलाइन’ म्हणतो, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाइव्ह क्लासमध्ये सरांचा आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत तुमच्या फोनपर्यंत येतो. तुकडा उशिरा पोचला तर ॲप त्याच्यासाठी थांबत नाही, कारण सर पुढे गेलेले असतात. तो तुकडा गेलाच. म्हणून आवाज तुटतो. ‘मायटो...ड्रिया’ ऐकू येतं, मधलं काही कळत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये उलट असतं. फोन थांबतो, गोल गोल फिरतो, पण मागवलेला तुकडा मिळवतोच. वेळ लागतो, शब्द मात्र गळत नाही. शिवाय मागे जाऊन पुन्हा ऐकता येतं. जिच्या घरी पावरी बोलतात, जी मराठीत शिकली आणि आता इंग्रजी संज्ञा ऐकतेय, तिला हे ‘पुन्हा’ फार मोलाचं आहे. वर्गात दहा वेळा ‘सर, परत सांगा’ कोण म्हणणार?

डेटा कुठे जातो?

जवळजवळ सगळा चित्रावर. गटाच्या व्हिडिओ कॉलला तासाला अर्धा ते एक जीबी सहज लागतो, कधी त्याहून जास्त. फक्त आवाज असेल तर काही दहा एमबीत भागतं. म्हणून रेंज कमी असेल तर आपला कॅमेरा बंद ठेवा आणि ॲपमध्ये समोरचा व्हिडिओ बंद करायची सोय असेल तर तीही वापरा. फळ्यावरचं हवं असेल तर नंतर फोटो मागा. फोटो एक-दोन एमबीचा असतो.

आणखी एक. ऐकू येतं पण आपलं बोलणं पोचत नाही, असं होतं ना? डेटा येण्याचा आणि जाण्याचा वेग सारखा नसतो. जाण्याचा बहुधा कमी असतो. अशा वेळी उत्तर चॅटमध्ये टाइप करा. अक्षरं लगेच जातात.

हजेरी आणि चाचणी

खरं दुखणं इथे आहे. ॲपच्या हजेरीपत्रकात आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ उमटते. रेंज तीनदा गेली तर नोंद दिसते ती अशी: मुलगी तीनदा बाहेर गेली. टेकडीवर उन्हात बसलेली आणि क्लास सोडून उठलेली, या दोघी मशीनला सारख्याच. हा फरक माणसालाच करावा लागतो.

ऑनलाइन चाचणीत घड्याळ बहुधा सर्व्हरवर चालतं. रेंज गेली तरी वेळ पळत राहतो. बऱ्याच प्रणालींत सेव्ह केलेली उत्तरं पुन्हा लॉगिन केल्यावर तशीच सापडतात. म्हणून प्रत्येक उत्तर सेव्ह करा, अडकलात तर घाबरू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच वेळी सरांना मेसेज टाका. दुसऱ्या दिवशी सांगितलेलं कारण बहाणा वाटतं. आठवतं ना, २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं आणि बऱ्याच विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा घेतली. तेव्हा हे सगळे प्रश्न एकदम समोर आले होते.

स्वयम आणि टीव्ही

केंद्र सरकारचं ‘स्वयम’ २०१७ पासून सुरू आहे. त्यात व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतः सोडवायच्या चाचण्या आणि शंका विचारायची जागा असे चार भाग असतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी असते आणि साधारणपणे केंद्रावर जावं लागतं. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात. पण तुमचं विद्यापीठ तो विषय मान्य करतं का, हे नाव नोंदवण्याआधी कॉलेजात विचारा.

मिळालेलं क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतं. ते खातं डिजिलॉकरमधून, बहुतेक जण आधारवर उघडतात. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत! तेव्हा आधारवरचं आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना, ते आजच बघा. एका अक्षराचा फरक पुढे अडवतो.

आणि इंटरनेटच नसेल तर? ‘स्वयम प्रभा’ नावाच्या वाहिन्या डीटीएचवर फुकट दिसतात. रोज किमान चार तासांचा नवा भाग, आणि तोच दिवसात आणखी पाच वेळा. सकाळी शेतात गेलात तर रात्री बघा.

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात विचारायचे तीन प्रश्न

१. लाइव्ह क्लासचं रेकॉर्डिंग मिळेल का, आणि किती दिवस?
२. रेंज गेली तर हजेरी कशी धरणार?
३. चाचणीत लाइन तुटली तर पुन्हा संधी आहे का?

उत्तरं वर्गाच्या ग्रुपवर लेखी मागा. रेकॉर्डिंग मिळणार असेल तर शहाद्यात किंवा कॉलेजच्या वाय-फायवर आठवड्याचं एकदम उतरवून घ्या. आणि प्राध्यापक मंडळी ऐकत असतील तर एकच विनंती: जमेल तिथे हजेरी लॉगिनवर न मोजता रेकॉर्डिंगनंतरच्या दोन-चार प्रश्नांच्या उत्तरांवर मोजा. टेकडीवरची मुलगी ती उत्तरं रात्री लिहील आणि रेंज मिळाली की पाठवील. शिकली की नाही, तेही त्यातूनच कळेल.

तुमच्या गावात क्लास कसा चालतो, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!