वाट ठाऊक आहे, पण माणसे नेता येतात का?

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावांत सुटीच्या दिवशी शहरची मंडळी पाठीला पिशव्या लावून उतरतात. गावचा तरुण पुढे होतो. त्याला वाट अंधारातही सापडते. पण तेवढ्याने तो वाटाड्या ठरतो, तुकडीचा प्रमुख नव्हे.

मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक माणसे दगावली. म्हणून प्रमुखाचे काम निघण्यापूर्वीच सुरू होते. हवामान, वणवा, ओढ्याचे पाणी यांची चौकशी करावी. कोणाला दमा आहे, कोणाला औषध लागते, हे विचारून ठेवावे. डोकी मोजावीत. पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस असावा. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची धरावी. परतण्याची वेळ आधीच ठरवावी.

हे रीतसर शिकता येते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली स्थापन झाली. तेथे २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. त्यात 'ए' श्रेणी मिळाली की प्रगत अभ्यासक्रम, आणि त्यातही 'ए' मिळाली की इतरांना शिकवण्याचा अभ्यासक्रम करता येतो. मुलींनाही प्रवेश असतो. प्रथमोपचाराचे शिक्षण मात्र प्रत्येकाने घ्यावेच.

तेव्हा मुलाने किंवा मुलीने हा विषय काढला, तर 'डोंगर चढायला कसले शिक्षण?' असे म्हणून हसू नका. वीज कडाडू लागली की आपण औत सोडून घर गाठतो. वीस परक्या माणसांना 'आता मागे फिरा' असे वेळेवर सांगणे, हेही शिकावेच लागते.