पूल बांधला, पुढे काय?

मराठीत पूल म्हटलं की नदी डोळ्यांपुढे येते. इथला पूल तो नव्हे; हा इंग्रजीतला, साठा या अर्थाचा. रेल्वेचं तिकीट काढताना किंवा बँकेचं ॲप उघडताना मागे कुठला तरी प्रोग्रॅम डेटाबेसला काहीतरी विचारत असतो, आणि विचारण्याआधी त्याला डेटाबेसशी कनेक्शन जोडावं लागतं. नेटवर्कवरून हाक मारायची, पलीकडून ओ यायची वाट पाहायची, सांकेतिक किल्ल्या ठरवायच्या, नाव आणि पासवर्ड तपासून घ्यायचा. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर प्रत्येक नव्या कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. दोन ओळींच्या उत्तरासाठी दर वेळी एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून दहा-वीस कनेक्शनं आधीच जोडून ठेवायची, मागेल त्याला एक उसनं द्यायचं आणि काम झालं की परत घ्यायचं. ही देवघेव सांभाळणारा कोड म्हणजे कनेक्शन पूलिंग लायब्ररी. कल्पना एवढीशी आहे; होतकरू विद्यार्थी ती एका दुपारी लिहून दाखवेल. तरीही अशा लायब्रऱ्या वीस-वीस वर्षं सांभाळाव्या लागतात. या लायब्रऱ्यांची तुलना सहसा वेगाच्या तक्त्यांवरून होते. माझ्या मते ते तक्ते बाजूला ठेवून लायब्ररी कोण आणि कशी सांभाळतं, हे आधी पाहायला हवं.

अवघड भाग ‘उसनं’ या शब्दात आहे. शेजारी नेलेलं पातेलं परत आलं की घासलेलं आहे ना, हे बघूनच फडताळात ठेवतात. समजा, शाळेच्या फीच्या प्रणालीत रात्री अहवाल काढणाऱ्या प्रोग्रॅमने एक कनेक्शन घेतलं आणि ऑटोकमिट, म्हणजे लिहिलेलं जागच्या जागी पक्कं करण्याची सोय, बंद केली. अहवाल मध्येच अडखळला आणि कनेक्शन तसंच पूलमध्ये परतलं. सकाळी तेच कनेक्शन फीच्या खिडकीच्या वाट्याला आलं. नोंद लिहिली गेली, डेटाबेसने तक्रार केली नाही, पावतीही छापून झाली. पण ‘ही नोंद पक्की कर’ असं सांगायचं राहिलं, कारण ते आपोआप होतं असं खिडकीवरच्या कोडने धरलेलं. कनेक्शन परत जाताना पूलने अर्धवट काम रद्द केलं आणि नोंद पुसली गेली. पावती पालकांच्या हातात, पैसे खात्यात, दप्तरी मात्र काहीच नाही. चांगला पूल हे होऊ देत नाही. परतलेल्या कनेक्शनवर काय काय बदललं होतं, ऑटोकमिट, फक्त वाचण्याची अट, व्यवहार एकमेकांपासून किती अलग ठेवायचे याची पातळी, हे तो लक्षात ठेवतो आणि तेवढंच पूर्ववत करतो. त्या होतकरू विद्यार्थ्याच्या दुपारच्या कोडमध्ये नेमकं हेच नसतं. ‘स्वतःचा पूल स्वतः लिहू’ म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

बरं, एकदा हे सगळं नीट लिहिलं की संपलं का? संपत नाही, कारण ही लायब्ररी दोन काठांच्या मध्ये उभी असते आणि दोन्ही काठ सरकत असतात. (नदीवरचा पूल शेवटी आलाच.) खालचा काठ डेटाबेस आणि नेटवर्कचा. मायएसक्यूएल हा डेटाबेस २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, गप्प राहिलेलं कनेक्शन आपणहून तोडतो. ही त्याची मुळातली सेटिंग. रात्री ऑफिस बंद, सकाळी पहिला ग्राहक येतो, पूल त्याला रात्रीच मेलेलं कनेक्शन देतो आणि पडद्यावर एरर झळकते. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की सगळं सुरळीत, त्यामुळे दोष सापडता सापडत नाही. पूल लिहिणाऱ्यांनी यावर उपाय काढले: देण्याआधी कनेक्शनची नाडी तपासायची, ठरावीक वयाचं झालं की ते निवृत्त करायचं. मग क्लाउड आला आणि आठ तासांचा हिशोबच मोडला. प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्या मध्ये आता लोड बॅलन्सर आणि फायरवॉल बसलेले असतात. ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरची गप्प कनेक्शनसाठीची मुळातली मुदत ३५० सेकंदांची, म्हणजे सहा मिनिटांपेक्षाही कमी. असे मधले पहारेकरी कित्येकदा कनेक्शन विसरून जातात आणि तसं दोन्ही टोकांना कळवतही नाहीत. हिकारीसीपी या आज सर्वांत परिचित असलेल्या जावा पूलमध्ये कनेक्शनचं आयुष्य मुळात ३० मिनिटांचं आहे, आणि सगळी एकाच क्षणी निवृत्त होऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या आयुष्यातून थोडा कमी-अधिक काळ कापला जातो. एवढं असूनही पडून असलेल्या कनेक्शनला अधूनमधून हलवून जागं ठेवण्याची सोय त्यात पुढे वाढवावी लागली. आधीचा कोड चुकीचा होता असं नाही. त्याच्या पायाखालची जमीन बदलली.

वरचा काठ भाषेचा, आणि जावाचं उदाहरण इथे बोलकं आहे. डेटाबेसशी बोलण्याची जेडीबीसी ही रीत जावात १९९७ मध्ये आली. पूल प्रोग्रॅमच्या हातात खरं कनेक्शन कधीच देत नाही. देतो ते हुबेहूब तसंच दिसणारं वेष्टण, म्हणजे ‘बंद कर’ म्हटलं तरी ते बंद न होता गुपचूप पूलमध्ये परततं. पण सोंग वठवायचं तर मूळ पात्राची प्रत्येक लकब यायला हवी. २००६ मध्ये जावा ६ ने कनेक्शनच्या व्याख्येत नव्या मेथड घातल्या, ‘तू जिवंत आहेस का’ हे विचारण्याचीही त्यातच आली. २०११ मध्ये जावा ७ ने आणखी पाच घातल्या. दर वेळी जुनं वेष्टण अपुरं पडलं. अपाचे फाउंडेशनच्या कॉमन्स डीबीसीपी या जुन्या पूलला २०१० मध्ये एकाच वेळी दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या: जावा १.४ आणि ५ वाल्यांसाठी १.३, जावा ६ साठी १.४. दोन्हींचा आत्मा एक, अंगरखे दोन. पुढची मोठी आवृत्ती, २.०, थेट २०१४ मध्ये आली. तोवर टॉमकॅट सर्व्हरच्या मंडळींनी स्वतःचा वेगळा पूल लिहिला होता. त्यांच्या दस्तऐवजात कारण लिहिलेलंच आहे: डीबीसीपी १ कनेक्शन देता-घेताना सगळ्या पूललाच क्षणभर कुलूप लावतो, आणि अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रावर तिथे रांग लागते. डीबीसीपी २ ने हा दोष दूर केला आणि एक शहाणपणही दाखवलं. नवी आवृत्ती जुन्याशी जुळणारी नव्हती म्हणून पॅकेजचं नावच बदललं. त्यामुळे दोन्ही एका प्रोग्रॅममध्ये भांडण न करता राहू शकतात. बाहेरून कंटाळवाणं वाटणारं हे काम, पण ज्यांचे जुने प्रोग्रॅम न मोडता चालू राहिले त्यांना त्याचं मोल कळेल.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. नवी आवृत्ती घेतली आणि रात्रीतून प्रणाली बसली, हे घडतं. आवृत्तीच्या हौसेसाठी कोणी बदल करू नये. पण सी३पी० या पूलचं काय झालं ते पाहा. स्टार वॉर्समधल्या यंत्रमानवाची आठवण करून देणाऱ्या नावाची ही स्टीव्ह वॉल्डमन यांची लायब्ररी हायबरनेट या जावा लायब्ररीच्या जोडीने असंख्य प्रोग्रॅममध्ये शिरली. तिची सेटिंगं एक्सएमएल फाइलमधून वाचण्याची सोय होती, आणि तो वाचणारा कोड वर्षानुवर्षं मुकाट काम करत होता. २०१८ मध्ये त्यात असं भगदाड दाखवलं गेलं की कोणी फाइलमध्ये खोडसाळ मजकूर घुसवला तर सर्व्हरवरच्या दुसऱ्या फाइली उघड्या पडतील. ते बुजवल्यावर २०१९ मध्ये त्याच रस्त्यावर दुसरं निघालं: एक शब्द दहा शब्दांत, ते दहा शंभरांत, असा फुगत जाऊन मेमरी खाऊन टाकणारा मजकूर. एक्सएमएलकडे संशयाने पाहायला जग मधल्या काळात शिकलं होतं. हात न लावलेला कोड जागच्या जागी जुना होतो तो असा. दोन्ही भगदाडं बुजली, कारण तिकडे बुजवणारा माणूस हजर होता.

इथे दुसरा आक्षेप येतो: एका माणसाच्या जिवावर इतकं अवलंबून राहणं धोक्याचं, हे संस्थेकडे असावं. संस्था टिकते हे खरं. पण टिकणं आणि लक्ष असणं एक नव्हे. १.४ ते २.० मधली चार वर्षं डीबीसीपीच्या पाठीशी अपाचे होतीच. उलट हिकारीसीपी २०१३ पासून मुख्यतः ब्रेट वुलड्रिज यांनी वाढवला आणि २०१८ मध्ये स्प्रिंग बूट या जावा चौकटीच्या २.० आवृत्तीने तोच ठरलेला पूल म्हणून स्वीकारला. मदतीला येईल त्याच्या हाती किल्ल्या देणंही सोपं नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीत सहदेखभालीचा विश्वास कमावलेल्या एका टोपणनावाने चोरदार बसवलेलं सापडलं. ते उघडकीला आणणारे आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेसचे विकसक होते, आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो या कुतूहलातून त्यांना ते दिसलं. म्हणून बोनसीपी या आणखी एका जावा पूलच्या कर्त्याने केलं ते मला देखभालीतलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. आपली लायब्ररी आता कालबाह्य समजा आणि हिकारीसीपी वापरा, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. प्रॉक्सूलसारख्या काही लायब्रऱ्या असं काही न सांगताच थंडावल्या.

देखभालीचा आणखी एक भाग कोडमध्ये दिसत नाही: नाही म्हणणं. क्वेरी साठवून ठेवण्याची सोय इतर पूल देतात, तुम्ही का नाही, या मागणीला हिकारीचं उत्तर ठरलेलं आहे: ते काम डेटाबेसच्या ड्रायव्हरचं, पूलचं नव्हे. कनेक्शनच्या संख्येचंही तसंच. मुळातली मर्यादा दहाची. लोकांना वाटतं वापरकर्ते हजार, तर कनेक्शनंही शेकड्यांत हवीत. हिकारीच्या दस्तऐवजात यावर एक अख्खं पान आहे आणि त्यात ओरॅकलच्या तज्ज्ञांचं प्रात्यक्षिक सांगितलंय: पूल २०४८ वरून ९६ वर आणला, तेव्हा उत्तराचा वेळ सुमारे १०० मिलिसेकंदांवरून २ वर आला. एक मागणी नाकारली की पुढची दहा वर्षं सांभाळायचा कोड तेवढा कमी होतो.

पूल डेटाबेसच्या दाराशीच बसवला की लायब्ररी लागणारच नाही, असंही म्हणतात. पोस्टग्रेससाठी पीजीबाउन्सर नावाचा प्रोग्रॅम हे काम २००७ पासून करतो. पण आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी व्यवहारागणिक कनेक्शन देण्याच्या त्याच्या पद्धतीत चालायला २०२३ उजाडलं. ओझं खांदा बदलतं, एवढंच. २०२३ मध्येच जावा २१ ने व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे काम चालवणारे हलके धागे, आणले. लाखभर कामं एकाच वेळी सुरू करणं स्वस्त झालं, पण पोस्टग्रेसची कनेक्शनची मुळातली मर्यादा १००च राहिली, तेव्हा पूलचं दार अधिकच अरुंद भासू लागलं. त्यात जावा २१ मध्ये असा थ्रेड जुन्या पद्धतीच्या कुलपापाशी अडला की खालचा खरा थ्रेडही अडकून पडे. हा दोष भाषेने २०२५ मध्ये जावा २४ मध्ये काढला, तोवर आपली कुलपं तपासणं लायब्रऱ्यांच्या माथी आलं. पुण्या-मुंबईत किंवा कुठेही अशा प्रणालींवर काम करत असाल तर आपल्या प्रोग्रॅममधला पूल कोणता, कोणत्या आवृत्तीचा आणि तिथे शेवटचा बदल कधी झाला, एवढं एकदा उघडून बघा. सी३पी०ने नव्या थ्रेडची सोय २०२५ मध्ये दिली. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या लायब्ररीच्या त्या आवृत्तीचा क्रमांक आहे ०.११.