बाटलीचं उघडं तोंड

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. लस आली होती मुंबईहून, परळच्या प्लेग प्रयोगशाळेतून. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांतल्या ‘५३-एन’ या एकाच बाटलीतली लस ज्या १९ जणांना मिळाली, ते सगळे धनुर्वाताने दगावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

औषधाच्या बाटल्या निर्जंतुक कशा भरायच्या, याचा सव्वाशे वर्षांचा मागोवा मला इथूनच घ्यावासा वाटतो. जंतू बाटलीत शिरले कधी, भरताना की उघडताना, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. चौकशी आयोगाने भरताना असं ठरवलं. ही लस तयार करणारे, परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांनी लशीत जंतुनाशक कार्बोलिक आम्ल घालणं थांबवून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती; तोच दोष मानला गेला आणि त्यांचं पद गेलं. पण मुलकोवालला बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकमध्ये जेमतेम बुडवून त्यानेच बूच काढलं गेलं. शिवाय उघडल्यावर बाटलीला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत ४१ दिवस वाढत असते, तर ती घाण वास मारल्याशिवाय राहिली नसती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे जाहीरपणे लावून धरले, आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ साली. निरपराध माणसाने पाच वर्षं हा कलंक वाहिला, हे वाचताना आजही संताप येतो.

पुढची प्रगती एका अर्थाने या उघड्या तोंडाभोवतीच झाली. टाकी, नळ्या आणि भरणाऱ्या सुया जागच्या जागी १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करता येऊ लागल्या. प्रश्न उरला तो हवेचा. तो अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेतल्या विलिस व्हिटफिल्ड यांनी १९६०च्या सुमारास सोडवला, तोही औषधांसाठी नव्हे, अण्वस्त्रांच्या बारीक भागांसाठी. गाळलेली हवा छतापासून जमिनीपर्यंत संथपणे, एकाच दिशेने सोडायची, म्हणजे धूळ बाटलीवर न बसता खाली वाहून जाते. साधीच कल्पना, पण तिच्यामुळे औषधांचे भरण-विभागही बदलले.

यंत्रं सुधारली म्हणून बेफिकिरी संपली नाही. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात शिरेतून दिलेल्या दूषित ग्लुकोज द्रावणामुळे रुग्ण दगावले. बाटल्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधली हवा पूर्ण बाहेर पडली नव्हती, त्यामुळे खालच्या थरातल्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. तापमान नोंदवणारा एक काटा हे सांगत होता. काटाच बिघडला असेल, असं समजून त्याकडे दुर्लक्ष झालं. नमुन्याच्या बाटल्या मात्र तपासणीत उत्तीर्ण झाल्या होत्या. हजारोंच्या बॅचमधून मूठभर बाटल्या तपासून निर्वाळा देणं किती पोकळ असतं, हे तिथे उघडं पडलं.

म्हणून आता सगळ्या पद्धतीचीच परीक्षा घेतली जाते. तिला ‘मीडिया फिल’ म्हणतात. औषधाऐवजी जंतूंना पोसणारा रस्सा नेहमीच्या यंत्रावर, नेहमीच्या कामगारांकडून बाटल्यांत भरायचा. अडकलेली बाटली काढणं, सुई बदलणं, पाळी बदलणं, हे सगळं मुद्दाम घडवून आणायचं. मग चौदा दिवस उबेत ठेवून एकेक बाटली उजेडात पाहायची. एकही गढूळ निघता कामा नये. निघाली तर ती कुठल्या क्षणी भरली गेली, तेव्हा कोणाचा हात मध्ये गेला, इथपर्यंत शोध जातो. मुलकोवालच्या चौकशीत याच तपशिलाला वजन दिलं गेलं नव्हतं.

निर्जंतुक औषधांबाबतचे युरोपचे सुधारित नियम ऑगस्ट २०२३पासून लागू झाले, तेव्हापासून माणूस आणि उघडी बाटली यांच्यात अडसर असावा हा आग्रह वाढला आहे. बंद काचपेटीत यंत्र चालतं, कामगार बाहेरून पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालतो. त्या मोज्यांना टाचणीएवढंही भोक पडलं आहे का, हे पाहणं हे आता भरण-विभागातलं नित्याचं काम झालं आहे.